दारात उभ्या राहणाऱ्या सिस्टर

"मी दारातच बरी आहे, ताई," असं म्हणत सिस्टर एक पाय उंबऱ्यावर आणि एक अंगणात ठेवून उभ्या राहायच्या. तिथंही त्या स्वस्थ नसायच्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या. असं दारातच घुटमळणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

ते वर्ष आमच्या घराला वाईट होतं. बाबा कुरुंद्याला हळद शिजवायच्या कामावर, आई शेतात निंदायला. मी नववीत होते आणि मला टीबी निघाला. खोकल्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून आई माझ्या तोंडावर पदर दाबायची. शाळा सुटली. सहा महिने रोज गोळ्या, एकही खाडा नाही. पहिले आठ दिवस मी गोळ्या गालात धरून मागच्या नालीत थुंकल्या. ते कळल्यावर आरोग्य उपकेंद्राच्या नर्स, म्हणजे या सिस्टर, स्वतः रोज सकाळी येऊ लागल्या. "जीभ वर कर. आता आ कर," म्हणायच्या. पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा मी रडले. तर म्हणाल्या, "घाबरू नको गं. गोळी कामाला लागली."

त्या नगरकडच्या, ख्रिस्ती. आम्ही बौद्ध. गोळी गिळली की बक्षीस म्हणून त्या एका जुन्या पुस्तकाचं पान वाचायच्या. पोरांचंच पुस्तक. डोंगरावरची एक नगरी, तिथं झाडं चालतात, कोल्हे बोलतात. वेशीवर एक दरवान. यादीत नाव असेल त्यालाच आत सोडायचं. एका चोरट्या पोरीचं नाव यादीतून खोडलेलं असतं आणि मागं लांडगे लागलेले असतात. दरवान आपलं नाव तिला देऊन टाकतो. ती आत जाते, तो बाहेर राहतो.

इथं त्या हटकून पुस्तकातून वर पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "मिशनच्या वसतिगृहात नऊ वर्षांची असताना वाचलं हे. येशू आपल्यासाठी मेला, हे तोपर्यंत नुसतं पाठ होतं मला. या दरवानामुळं ते कळलं."

मी तोंडाळ. म्हणलं, "पण सिस्टर, दार बंदच काहून होतं? आन् यादी कोणी केली?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "उद्या रिकाम्या पोटी नको घेऊ गोळी," एवढंच बोलून निघाल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या पुटपुटतच. "कालपासून तुझा प्रश्न सोडत नाही मला."

इकडं आई आतून धुमसत होती. दोन महिने झाले, सिस्टरनी घोटभर चहा घेतला नव्हता, टाकलेल्या सतरंजीवर टेकल्या नव्हत्या. एका सकाळी आई त्यांच्यापुढं आडवी उभी राहिली.

"गोळ्या ठेवा आन् जा. उद्यापासून येऊ नका. रोगाला भेत न्हाई तुमी, पोरीच्या तोंडात बोटं घालता. मंग आमच्या घरात पाय टाकला तं बाटता का?"

सिस्टरचा चेहरा उतरला. "ताई, तसं नाही हो."

"मंग कसं हाय?"

"सगळे आत गेल्याशिवाय आपण आत जायचं नाही, असं मी लहानपणी ठरवलं. त्या दरवानासारखं. चर्चमध्येही दाराशीच बसते मी. माझी प्रार्थनाच आहे ती."

"कोन दरवान?"

मी घाईघाईनं गोष्ट सांगितली. आईनं कमरेवर हात ठेवून सगळी ऐकली.

"तुमची प्रार्थना तुमच्यापाशी. आमाला ते दारात थांबलेलं मानूस दिसते. माझ्या आज्याला लोकं दारातूनच भाकर फेकून देत."

सिस्टर गोळ्या उंबऱ्यावर ठेवून गेल्या. त्या दिवशी मी दहा वेळा अंगणात जाऊन रस्ता पाहिला. त्या आल्या नाहीत तर गोळ्या नालीतच जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

सकाळी आल्या. दारात थबकल्या, चप्पल काढली आणि थेट चुलीपाशी येऊन बसल्या.

"ताई, चहा टाकता का?"

"साखर कमी हाय. मागून नावं ठेवू नका."

त्यांनी घाईनं बशी तोंडाला लावली. चहा सांडला, तशी आई म्हणाली, "सावकास. कोनी हाकलून न्हाई राहिलं तुमाला."

त्यानंतर त्या रोज आत बसू लागल्या, पण सुखानं नाही. एकदा म्हणाल्या, "रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसले. सगळा वेळ चुळबुळत होते. एवढी वर्षं दाराशी बसून मी देवाला दाखवत होते की स्वतःला, कोण जाणे."

"आन् यादी?" मी सोडते थोडीच!

"देवालाच विचारतेय गं. अजून सांगत नाही."

गोळ्या संपायच्या महिन्यात त्यांची बदली झाली. शेवटच्या दिवशीही आधी माझी जीभ वर करून पाहिली आणि मगच आईच्या गळ्यात पडल्या. पुढं कुठं गेल्या, कळलं नाही.

माझी छाती साफ निघाली. नववी मी पुन्हा केली, दहावी झाले आणि वसमतच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.