समुद्राची बातमी

घोटीकडून त्र्यंबकला जाताना डोंगराच्या पायथ्याला करंजवाडी लागते. नव्वदच्या दशकात तिथल्या मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून रोज सकाळी तीन बातम्या सांगितल्या जायच्या. एक जमिनीची, एक विमानाची आणि एक समुद्राची. जमिनीचं समजू शकतो, गावाची सगळी भाताची खाचरं. विमान मात्र फक्त डोक्यावरून जायचं, आणि समुद्र तर गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीच पाहिलेला. तरीही तिन्ही बातम्या व्हायच्या, कारण सांगणारा निवृत्ती बोराडे होता आणि निवृत्तीला अडवायची कोणाची टाप नव्हती.

निवृत्तीची उमेदीची वर्षं ओझरला धावपट्टीच्या कडेचं गवत कापण्यात गेली. विमान उडायच्या आधी तिथले लोक वारा बघतात, ढग बघतात, लांबचं किती दिसतं ते बघतात, हे त्याने विळा हातात धरून पाहिलं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी तर त्याच्या मनातच भरली. गुडघे गेले तेव्हा तो गावी परतला आणि पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या पायजम्याचा एक पाय कापून वेळूच्या काठीला शिवला आणि काठी देवळाशेजारी रोवली. बायको सिंधुबाईने त्याचा असा उद्धार केला की देवळातल्या मारुतीनेही कानात बोटं घातली असतील. निवृत्ती ढिम्म.

मग त्याने रेडिओ भोंग्याला जोडला. सकाळच्या बातम्यांनंतर हवामान लागायचं. रेडिओवरच्या बाई शुद्ध भाषेत एक वाक्य बोलायच्या, की निवृत्ती माइक तोंडाशी धरून तेच गावच्या भाषेत सांगायचा. बाई म्हणायच्या, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल. निवृत्ती म्हणायचा, कुठं पडंल कुठं नाय, पण गवत झाकून ठेवा. नंतर स्वतःच्या पायजम्याकडे बघून तो विमानाची बातमी द्यायचा. ती रेडिओवर नसायची, ती खास त्याची. आज इमानाला वारा बरा हाय, असं ऐकून खाचरात वाकलेल्या बाया हसायच्या. समुद्राचं सुरू झालं की तो खटका बंद करायचा.

एके दिवशी वरच्या ठाकरवाडीतली फुलाबाई देवळापाशी आली. फुलाबाई विधवा, बोलायला अगदी मोजकी. तिचा एकुलता एक लखन डहाणूकडे मच्छीमारी बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. ती म्हणाली, "दादा, समिंदराचंबी लाव." का, कशाला, काही सांगितलं नाही. निवृत्तीनेही विचारलं नाही. आईचा जीव, एवढं त्याला पुरेसं होतं.

तेव्हापासून समुद्र चालू झाला. फुलाबाई रोज सकाळी झोपडीपुढच्या उतारावर कानाशी हात धरून उभी राहायची. मच्छीमारांना इशारा नाही, असं बाई म्हणायच्या. समिंदर शांत हाय, असं निवृत्ती सांगायचा. मग ती विळा उचलून कामाला जायची. खालून ती बोटाएवढी दिसायची, पण तिला कामाला लागलेली पाहिल्याशिवाय निवृत्तीला चहा गोड लागत नसे.

एकदा मात्र आश्विनात इशारा आला आणि निवृत्तीने तो जसाच्या तसा सांगितला. फुलाबाई उतारावरून खाली आली ती देवळाच्या पायरीवर बसली. तिने अन्नाला तोंड लावलं नाही. सिंधुबाईने भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला, तो हातातच वाळला. लखनचा निरोप येईपर्यंत ती तशीच बसून होती, आणि निरोप आला तेव्हा उभं राहताना तिला भोवळ आली. लखन त्या वेळी समुद्रात गेलाच नव्हता. निवृत्तीला फार लागलं. इथं डोंगरात बसलेल्या बाईला वादळ सांगून वादळ थोडंच थांबणार होतं? नुसता तिच्या जिवाला घोर. पुन्हा असं करायचं नाही, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी भात निसवायला लागलं होतं. पावसाने उघडीप दिली होती, आभाळ धुतल्यासारखं निळं. जमिनीची बातमी चांगली झाली. पायजमा निवांत लोंबकळत होता, म्हणून विमानाचीही झाली. मग रेडिओवरच्या बाईंचा आवाज जरा बदलला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, एवढंच भोंग्यातून बाहेर पडलं आणि निवृत्तीचा हात खटक्यावर गेला. भोंगा गप्प झाला; उत्तर कोकण किनाऱ्यावर वादळी वारे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हे रेडिओवर त्याने एकट्यानेच ऐकलं.

त्याने वर पाहिलं. फुलाबाई उतारावर उभीच होती. कानाचा हात खाली येत नव्हता. विळा जमिनीवरच होता.

निवृत्तीने माइक उचलला आणि म्हणाला, "समिंदर शांत हाय."

तिने विळा उचलला. निवृत्तीने घरी येऊन चहा घेतला. आपण एका बाईचे चार घास वाचवले, असं त्याला मनापासून वाटलं. खोटं बोलल्याचं त्याला काहीच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

दुपारी फुलाबाई त्याच्या ओट्यावर आली. हातात कागदात गुंडाळलेले सुके बोंबील होते आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू.

"लखन्यानं आनलं तुझ्यासाठी," ती म्हणाली. "काल दिवस मावळताना आलता. बोटीचं मशीन एका दिसासाठी दुरुस्तीला काढलं म्हनून."

निवृत्तीने पुडी घेतली. कुठंय लखन, असं त्याने विचारलं.

"गेला की सकाळच्या जव्हारच्या येष्टीनं." ती ओट्याला टेकली. "त्याला म्या माझी आन घातली हाय. हितं आसला की तुझा भोंगा आयकल्याबिगर बोटीवर जायचं नाय. बोटीचा म्होरक्या तांडेल किती बोलवू दे. तू शांत हाय म्हनलास, मंग गेला."

निवृत्तीच्या हातातली पुडी खाली पडली. त्याला फुलाबाईचं तोंड दिसत होतं, ती पुढे काहीतरी बोलत होती, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. अंगणातल्या कोंबड्या बोंबलांवर तुटून पडल्या आणि दोघांतल्या कोणीही त्यांना हाकललं नाही. ही बाई उतारावर नुसती स्वतःसाठी उभी राहत नव्हती. तिला समुद्राची बातमी घरी आलेल्या लेकाला थोपवायला हवी होती, आणि एवढी साधी गोष्ट आपण कधी विचारलीसुद्धा नाही, हे त्याला एकदम कळलं.

तो उठला, अनवाणीच धावला. शेजारच्या वाळू नावाच्या पोराने मोटारसायकल काढली. घोटीच्या टेलिफोन बूथवरून बंदरातल्या मच्छीमारांच्या कचेरीत फोन लागेपर्यंत निवृत्तीचा सदरा घामाने भिजून गेला होता. पलीकडच्या माणसाने बोटीचं नाव दोनदा विचारलं. बऱ्याच बोटी आज बाहेर पडल्या नाहीत, तो म्हणाला. ही मात्र गेली. तांडेल ऐकत नव्हता, एका खलाशापायी अडला होता. तो पोरगा येताच निघाले.

बाहेर घोटीचा बाजार नेहमीसारखा चालू होता आणि ऊन स्वच्छ पडलं होतं. निवृत्ती बूथच्या पायरीवर बसला.

संध्याकाळी त्याने फुलाबाईसमोर, ठाकरवाडीतल्या सगळ्यांसमोर, जे केलं ते सांगितलं. का केलं तेही सांगू लागला, पण मध्येच थांबला, कारण ते आता त्यालाच ऐकवत नव्हतं. लोक धावून येतील, मारतील, असं त्याला वाटलं होतं. कोणी जागचं हललं नाही. फुलाबाई त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस कोण आहे हेच तिला आठवत नव्हतं.

बोटीच्या फळ्या गुजरातच्या किनाऱ्याला लागल्या. दोघं जण वाचले. लखन त्यांत नव्हता, आणि तो कधीच सापडला नाही.

भोंगा बंद झाला. निवृत्तीने पायजम्याची काठीही उपटून टाकली. तो देवळाच्या बाजूला फिरकेना. गावानेही भोंग्याचं नाव काढलं नाही.

दुसरा पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी फुलाबाई त्याच्या दारात आली. त्या दुपारनंतर ती पहिल्यांदाच या ओट्यावर चढत होती. तिने त्याला देवळात चलायला सांगितलं. तो मुकाट्याने मागोमाग गेला.

"आमच्या वाडीतल्या भिमाबाईचा सुनील बोटीवर लागलाय," ती म्हणाली. "रेडिओ लाव."

निवृत्तीने तारा जोडल्या. जमिनीची बातमी झाली. मग समुद्राची आली, आणि बाईंनी सांगितलं की मच्छीमारांना कोणताही इशारा नाही. सवयीने त्याचा हात माइककडे गेला.

फुलाबाईने माइकवर हात ठेवला.

"ती बोलतीय ना," ती शांतपणे म्हणाली. "तू बोलू नको."