हात पोचेल तिथवर

रंगारी गावात पुष्कळ होते, पण रंग लावण्याआधी भिंतीची हजामत करणारे घासूमास्तर एकटेच. घर बाहेरून रंगवायला घेतलं की हा गृहस्थ कितीतरी दिवस रंगाचा डबा उघडायचाच नाही. जुने पोपडे खरवडा, पॉलिश पेपरने घासा, धुवा, भेगा बुजवा, वाळू द्या. मग भिंतीवरून तळहात फिरवायचा. हाताला पांढरी पूड लागली की पुन्हा पहिल्यापासून घासायचं. पूड गेली की प्रायमर, आणि मग कुठे रंग. घरमालक वैतागायचे, "अहो मास्तर, रंग द्यायचाय की भिंत झिजवायचीय?" मास्तर म्हणायचे, "रंग काय हो, चिखलावरही बसतो. टिकायला नको?"

धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आईबाप लवकर गेले, तेव्हा मास्तरांनीच त्याला लहानाचा मोठा केला, ब्रश धरायला शिकवलं, त्याचं लग्नही लावून दिलं. वर परांचीवर मास्तर आणि खाली धाकटा, अशी दोघांची वाटणी होती. मग एकदा मास्तरांना वरच घेरी आली. डॉक्टरांनी दम भरला, आता पाय जमिनीवरच ठेवायचे. तेव्हापासून सगळं काम धाकट्याकडे गेलं. मास्तर खाली उभे राहून हुकूम सोडायचे आणि घासून झालं की भिंतीवर हात फिरवून बघायचे.

"वरचं नीट घासलंस ना रे?"

"घासलं, दादा."

"प्रायमर?"

"दिला की!"

मास्तरांनी दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. स्वतःच्या उजव्या हाताची कोणी उलटतपासणी घेतं का?

नर्सबाईंचं घर असंच रंगलं. बाई निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. "मास्तर, हा शेवटचा रंग. पुन्हा एवढा पसारा माझ्याच्याने निभणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. मास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं, "बाई, दहा वर्षं भिंतीकडे बघू नका. माझा शब्द आहे."

एक पावसाळा गेला आणि बाईंचा निरोप आला.

मास्तर जाऊन बघतात तो वरचा रंग पापुद्रे सुटून लोंबतोय. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांनी आधी गच्चीला दोष दिला. पाणी मुरतंय म्हणाले. मग रंगाच्या कंपनीचा उद्धार केला. बाई बिचाऱ्या मान डोलावत ऐकत होत्या. बोलता बोलता मास्तरांनी खाली पडलेला एक पापुद्रा उचलून उलटा केला. मागे जुनी पांढरी पूड जशीच्या तशी चिकटलेली होती. प्रायमरचा मागमूस नव्हता.

आणि खालची भिंत? ती ठणठणीत. पापुद्रे एका सरळ रेषेत संपत होते. मास्तर भिंतीला टेकले आणि त्यांनी हात वर ताणला. बोटांची टोकं बरोबर त्या रेषेला लागली.

त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं.

"वर घासलं नाहीस."

धाकटा आधी आकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वर कोण बघतंय, दादा? उन्हात मी भाजत होतो. तू होतास सावलीत."

"मग खाली का केलंस नीट?"

धाकट्याने मान खाली घातली. "तिथवर तुझा हात पोचतो."

नुसता आळस असता तर मास्तरांनी चार शिव्या हासडून पोटात घातला असता. पण ह्याने आधी भावाचा हात कुठवर जातो ते मापलं, आणि मग काम केलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. लेकरासारखा वाढवलेला भाऊ आपल्याला असा ओळखून होता, ह्याने मास्तर आतून तुटले.

त्यांनी खरवडायची पट्टी खिशात घातली आणि बाईंच्या अंगणातली शिडी भिंतीला लावली. धाकटा धावला आणि शिडीचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.

"सोड," मास्तर म्हणाले.

"दादा, घेरी येईल. पडशील!"

"सोड म्हणतो ना."

त्याने सोडली. मास्तर नर्सबाईंकडे वळले. "बाई, जरा शिडी धरता का?"

बाईंनी पदर खोचला आणि पुढे होऊन शिडी धरली. त्यांचे हात म्हातारपणाने थरथरत होते. मास्तर वर चढू लागले.