आईला दिसतं

अण्णांनी माझ्या आईचं मनगट धरलं आणि मतदान केंद्रातल्या साहेबाला सांगितलं, "आंधळी हाय. सोबतीला मी जातो."

आई आंधळी नव्हती. त्यांच्याच शेतात ती टोमॅटो तोडायची, पिकलेला वेगळा, कच्चा वेगळा. साहेबानं मान वर केली नाही. आडोशामागं अण्णांनी तिचं बोट धरून बटणावर दाबलं; हे तिनंच मला नंतर सांगितलं. बाहेर येताना हसत म्हणाले, "ह्यांना काय कळतंय चिन्हातलं."

ग्रामपंचायतीची ती मागची निवडणूक. मी मतदार नव्हते, मतदान होतं त्या शाळेच्या दारात उभी होते. घरी आल्यावर आईनं हात साबणानं धुतला. पुन्हा धुतला.

आमचं गाव डिंगोऱ्याच्या पुढं. आम्ही बौद्ध. वस्ती गावाबाहेर, आणि डांबरीवर जायची वाट अण्णांच्या बांधावरून. मजुरीही त्यांच्याच रानात. त्यांना नाही म्हणायची आमच्यात कुणाला सवयच नव्हती.

यंदा मलाही मत होतं. आदल्या दिवशी सकाळीच अण्णा अंगणात आले. आईनं खुर्ची पुढं केली. बसले नाहीत. आमच्याकडं ते बसत नाहीत, पाणीही घेत नाहीत.

"उद्या गाडी धाडतो. म्हातारीला मी नेईन."

"आईला दिसतं, अण्णा."

अण्णा अगदी हळू म्हणाले, "वाट माझ्या बांधावरनं जाती, पोरी. तुला तेवढं दिसतंय ना?"

ते गेल्यावर मी भाकरी थापायला बसले. भाकरी तव्यावर टाकताना तुटली. आई म्हणाली, "जाऊ दे. बोटच दाबत्यात. जीव तर घेत न्हाईत."

अण्णांच्या धमकीपेक्षा मला हे जास्त लागलं.

मतदानाच्या दिवशी गाडी यायच्या आत आम्ही पायी निघालो. रस्ताभर मागून मोटरसायकल वाजली की मी आईला कडेला ओढायचे. रांगेजवळ अण्णा होतेच. सरळ आले, आईचं मनगट धरलं. रांगेतले लोक दुसरीकडं बघू लागले.

मी म्हणाले, "सोडा तिचा हात."

"साहेब, आंधळी हाय ती," अण्णा आत बघून ओरडले. केंद्राध्यक्ष उठून दारात आले. तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, "मावशी, दिसतं का तुम्हाला?"

आईनं अण्णांकडं बघितलं. "ह्यांच्या सदऱ्याचं वरलं बटन तुटलंय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसायची छातीच नव्हती कुणाची.

"एकट्या जा," साहेब म्हणाले.

आईला लई वेळ लागला. आडोशाखाली तिचे पाय तेवढे दिसत होते. मग मशीनचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझा दंड घट्ट धरला. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. ते तिचं होतं.

अण्णांचं पॅनल निवडून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर वाट अडवून बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. त्यांच्या रानातलं कामही बंद. आता आम्ही ओढ्यातून दगडांवर पाय देत डांबरीवर जातो. पोरं चपला हातात घेऊन शाळेत जातात. वस्तीतले काही लोक आमच्याशी बोलत नाहीत. त्यांची वाट माझ्यामुळं गेली, हे खरं आहे. अंधार पडला की मी दाराला कडी घालते आणि पुन्हा एकदा ओढून बघते. भीती गेलेली नाही. ती गेली असं मी कुणाला सांगणारही नाही.

आमच्या शेजारच्या तारामावशीलाही अण्णांचा पुतण्या आंधळी सांगून नेतो. ती सुईत दोरा ओवते. पुढच्या मतदानाला मी तिच्याबरोबर रांगेत उभी राहणार आहे. तिचा हात कुणी धरला, तर आधी माझा धरावा लागेल.