सोड्याचं मशीन आणि धारचे साडू

मी कुणावरही जळत नाही. श्रीकांतराव माझे साडू, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी.

धारच्या या गृहस्थांनी एक गंजकी जीप स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. तेव्हापासून देवासला आमच्या घरी दुसरा विषय नाही. "जीजाजींनी इंजिनसुद्धा स्वतः खोललं!" ही माझी बायको, सुनंदा. (मीही परवा कुकरची शिट्टी खोलली होती. ती परत बसली नाही, हा भाग वेगळा.)

आमच्या अंगणात वडिलांच्या दुकानातलं सोड्याचं जुनं मशीन पडलेलं होतं. नाणं टाकलं की ग्लासात थंडगार गुलाबी सोडा! दुकान बंद झालं आणि सुनंदा त्यात कांदे ठेवू लागली. ते भंगारात द्यायचं ठरलंच होतं, तेवढ्यात साडू आले. मशीनवर हात फिरवून म्हणाले, "साडूभाऊ, फेकू नका हो. मला द्या, मी चालू करतो."

"तुम्हाला कशाला? मीच करतोय की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही?" सुनंदा इतकी हसली, की हातातले कांदे अंगणभर झाले.

दुसऱ्याच दिवशी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या गोपाल भियाला बोलावलं. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि पटकन परत लावलं. "भिया, इसमें तो चूहों का पूरा मोहल्ला बसा है! रहने दो."

"अरे, आमच्या साडूंनी अख्खी जीप दुरुस्त केली!"

"खुद ने?" भिया भारावला. "तो उनका नंबर दो ना, उन्हीं से पूछ लेते हैं!"

नंबर हरवलाय, असं मी सांगितलं.

मग मी स्वतःच पाना हातात घेतला आणि तीन आठवड्यांनी मशीन गुरगुरलं. मी लगेच साडूंना सहकुटुंब बोलावलं. नाणं टाकलं, ग्लास भरला, टाळ्या! आयुष्यातला सर्वोच्च क्षण! (एकूण चार सेकंद.) कारण ग्लास भरल्यावरही सोडा थांबेना. मी मशीनला एक लाथ घातली, तशी नळी निसटली आणि कारंजं थेट मोठ्या मेहुणीच्या माहेश्वरी साडीवर! मी मशीनला मिठी मारून भोकावर अंगठा दाबला, तर सोडा दुसरीकडून माझ्या बाहीत.

"अहो, बंद करा ना!"

"बटण सापडत नाहीये!"

"तुम्हीच तर बसवलंत!"

साडू शांतपणे उठले आणि त्यांनी भिंतीतला प्लग काढला. त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

मी पायरीवर चिकट अंगानं बसून होतो. सुनंदा टॉवेल घेऊन आली. "बाबांचं मशीन चालावं, असंच वाटतंय ना तुम्हाला? मग ते कुणाच्या हातून, हे कशाला बघता?"

मी बाही पिळली. मग मशीन साडूंच्या जीपमध्ये दोरीनं मीच बांधलं.

दोन महिन्यांनी धारला गेलो, तर मशीनपुढे नातेवाइकांची रांग! मी बराच वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. शेवटी एक ग्लास घेतला. तीच चव! वडिलांच्या दुकानातली. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"जमलंय का हो, साडूभाऊ?" श्रीकांतरावांनी विचारलं. त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा झाला होता. चांगलं म्हणायला काय जात होतं? पण नाही!

"ठीक आहे," मी म्हणालो, "गॅस जरा कमी वाटतो."

आणि त्याच क्षणी मला असा दणदणीत ढेकर आला, की अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. साडूंसाठी!