बेचाळीस पुरे व्हायच्या आत

मी मुळातच भित्रा माणूस. हिंगण्याच्या कारखान्यात यंत्राचा आवाज जरा बदलला की सगळ्यांत आधी मागे सरकणारा मीच. पण लोक सापाला भितात, साहेबाला भितात. मी एका आकड्याला भीत होतो. बेचाळीस.

आमच्या घरातले पुरुष बेचाळीस पुरे करत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. मयताच्या घरी बायका हलक्या आवाजात बोलायच्या, लग्नात म्हातारे पान खाता खाता बोलायचे, आणि मी जवळ गेलो की विषय बदलायचे. आजोबा त्याच वयात गेले म्हणत. वडील तर माझ्या डोळ्यांदेखत गेले. उमरेडजवळच्या आमच्या गावात घरोघरी हातमाग होते. वडील मागावर बसले होते, धोटा हातात होता, आणि ते पुढे वाकले ते वाकलेच. सूत तुटलं असेल, ते जोडत असतील, असं मला वाटलं. मी तेव्हा शाळकरी होतो. पुढे मी माग सोडला, नागपूरला आलो, अमरावती रोडवरच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, लग्न केलं, दोन मुली झाल्या, आईला जवळ आणलं. आकडा मात्र गावी राहिला नाही. तो माझ्याबरोबर आला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. शाळेच्या दाखल्याप्रमाणे येत्या जानेवारीत मला बेचाळीस पुरे होणार होते. पावसाळा सरता सरता छातीत डाव्या बाजूला टोचायला लागलं. बायकोला न सांगता मी धंतोलीत एका डॉक्टरकडे गेलो. बाहेर बाकावर चंद्रपूर-गोंदियाकडची माणसं गाठोडी घेऊन बसली होती, आणि त्या सगळ्यांत मीच जास्त आजारी आहे अशी माझी खात्री होती. डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढली, पाहिली, ठीक आहे म्हणाले. मग सहज विचारलं, वडील कशाने गेले? मी सांगितलं, मागावर. ते म्हणाले, “अहो, मागावर गेले, पण कशाने? आजोबा कशाने? घरात कोण किती वयात आणि कशाने गेलं ते विचारून या. मला उपयोग होईल.”

येताना भाजी घेऊन या म्हणावं तसं ते बोलले. म्हणजे डॉक्टरांनाही संशय आहे, असा अर्थ मी मात्र लावला.

विचारायचं कोणाला? आईला. आणि तिलाच तर विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर मी घाबरलोय हे तिला कळलं असतं. ज्या बाईने त्या वयाच्या नवऱ्याला मागावरून उचलून खाली निजवलं, तिच्यासमोर जाऊन हे कसं बोलणार? मी गप्प राहिलो आणि घराबाहेर शोध सुरू केला.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असायची. महालात एक जुनं वाचनालय होतं. तिथल्या ग्रंथपालांना मी थाप मारली, की विणकरांचा इतिहास लिहितोय. त्या भल्या माणसाला इतका आनंद झाला की त्यांनी मला खिडकीजवळची जागा दिली आणि इंग्रजी अमलातला जिल्ह्याच्या माहितीचा एक जाडजूड सरकारी ग्रंथ काढून दिला. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मी तो चार सकाळी वाचला. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही ठेवायचा, ती ठाण्यात दाखवायचा, मृत्यूचं कारणही लिहायचा, एवढं त्यातून कळलं. बाजूच्याच कपाटात वैद्यकाची पुस्तकं होती. ती उघडायला नको होती. पहिल्या दिवशी मला दोन आजार होते, चौथ्या दिवशी सात झाले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी अख्खं कपाट लागलं होतं.

ग्रंथपाल म्हणाले की त्या वह्या शिल्लक असल्या तर तहसिलीत असतील, उमरेडला जाऊन पाहा. इतिहास लिहिणारा माणूस नाही कसं म्हणणार? दिवाळीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी, ओव्हरटाइम आहे असं घरी सांगून, मी छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत बसलो. गाडी इतकी हळू चालते की उतरून बरोबर चालावं. मला तीही घाईत आहे असं वाटत होतं.

रेकॉर्डच्या खोलीतल्या कारकुनाने अर्ज घेतला, लाल कापडात बांधलेले बस्ते पुढ्यात ठेवले आणि बजावून सांगितलं की अर्ध्या वह्या वाळवीने खाल्ल्या आहेत, ओरडायचं नाही. मी आधी मरणाची वही उघडली. आमच्या गावाची पानं सापडली. नाव, वय, कारण. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, ताप. पान उलटलं, पुन्हा ताप. कुठे एखादा साप, कुठे एक बाई विहिरीत पडून. बाकी सगळं गाव तापाने मेलं होतं.

वडीलही. वय चाळीस, ताप.

ज्या माणसाला त्या दिवशी अंगाला कसर नव्हती, जो बसल्या जागी गेला, त्याला कोतवालाने ताप लिहून मोकळं केलं होतं. वयं तर सगळ्यांची चाळीस, पन्नास नाहीतर साठ. मधल्या वयात आमच्या गावात कोणी मेलंच नव्हतं. शहाणा माणूस असता तर हसला असता, या वहीला काही कळत नाही म्हणून चहा पिऊन परत गेला असता. मी काय समजलो? की बेचाळीससुद्धा पक्कं नाही, त्याच्या आधीही नंबर लागू शकतो. आजोबांच्या वेळची वही मागितली तर कारकुनाने बोट आणि अंगठा एकावर एक चोळून दाखवला. त्या वहीचा भुगा झाला होता.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून जन्माची वही ओढली. त्यात मुलांची नावं नसायची. तारीख, बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि पुढे मुलगा किंवा मुलगी. माझ्या दाखल्यावरच्या तारखेला माझी नोंद मिळाली. मुलगा. मला जरा बरं वाटलं, सरकारदरबारी मी आहे म्हणून. मग काही कारण नसताना मागची पानं चाळली. दोन वर्षं चार महिने आधी तेच बापाचं नाव, तेच आजोबांचं नाव, आणि पुढे लिहिलं होतं, मुलगा.

मी ती ओळ बोट ठेवून परत परत वाचली. मला एक मोठी बहीण आणि एक धाकटी. भाऊ नाही, कधी नव्हता. म्हणजे माझ्या आधी एक आला होता आणि गेला होता, आणि चाळीस वर्षांत घरात कोणी एक शब्द काढला नव्हता. आता आकड्याचाही आधार राहिला नव्हता. बेचाळीस काय आणि दोन काय, आमच्याकडे मुलगे टिकतच नाहीत, आणि उरलेला एकटा मी. गाडीत पूर्ण वेळ मी डावा हात छातीवर धरून बसलो होतो. समोरच्या बाईने विचारलं, पाकीट मारलं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताट समोर असून बसून राहिलो. बायकोने भाजी कशी झाली विचारलं तर तिच्यावर खेकसलो. ती उठून आत गेली. आई दाराशी सूप घेऊन चटणीसाठी जवस निवडत होती. तिने मान वर केली.

“काहून चिडून राहिला गा तिच्यावर? रातीपासून पाहून राहिली मी तुले.”

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. “माय, माह्या आधी एक पोरगा होता का?”

तिचे हात सुपातच थांबले. कोणी सांगितलं म्हणून तिने विचारलं. मी कोतवालाच्या वहीचं सांगितलं, उमरेडला गेल्याचं सांगितलं. बाहेर रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा क्लीनर ओरडत होता. तो थांबेपर्यंत तिने सुपातला एक खडा शोधून बाहेर टाकला.

“तुह्या आधी कोणी नोहता,” ती म्हणाली. “तुह्या मागून होता.”

मला कळेना. मी म्हटलं, शाळेतली तारीख तर नंतरच्या नोंदीची आहे. तिने सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. धाकटा दहा महिन्यांचा होऊन गेला. कोतवालाने दोघांच्या जन्माच्या दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या चिठ्ठीला तिने बारशाच्या दिवशी हळद लावली होती, त्यामुळे कोणती कोणाची हे ती विसरणार नव्हती. मला शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. तिने बिनहळदीची चिठ्ठी पुढे केली.

“तू तं शाळेत चाललाच होता,” ती म्हणाली. “त्याले कुठंच जाता नाही आलं. म्हटलं, कागदावर तरी जाऊ दे.”

मी मनात बेरीज केली. मला चव्वेचाळीस पुरे झाले होते. ज्या जानेवारीची मी धास्ती घेतली होती ती माझी नव्हतीच. आधी इतकं हलकं वाटलं की मी हसलो, आणि हसलो याची लगेच लाज वाटली, कारण तिच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी दुसराच कोणी होता. मग राग आला. मी म्हटलं, तू आधी का नाही सांगितलंस, मी किती महिने मरणाच्या भीतीने अर्धा झालोय, डॉक्टरकडे गेलो, वाचनालयात गेलो. घाबरलोय हा शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदा बोललो.

ती म्हणाली, “तुले भेव होतं, हे तू मले सांगतलं का? अन् तुह्यं खरं साल आलं होतं, तवा मी तुले सांगतलं का? ते साल मी एकटीनं काढलं.”

तेव्हा मला दोन-तीन वर्षांपूर्वीची ती आठवली. कंपनीची बस अमरावती रोडवर गोदामांपाशी, उभ्या ट्रकांच्या रांगेजवळ सोडायची. त्या वर्षी ती रोज तिथे येऊन उभी राहायची, पदर डोक्यावर घेऊन. बसमधली माणसं मला चिडवायची की याला घ्यायला आई येते. एक दिवस मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो होतो, उद्यापासून दिसलीस तर बघ. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही, आणि मी सुटलो म्हणून खूश झालो होतो.

मी म्हटलं, “पण तू तं यायची बंद झाली होती.”

“बंद कुठं झाली,” ती म्हणाली. “ट्रकाच्या मांगं उभी राहात होती. तू उतरला, का मी आडवाटेनं तुह्या आधी घरी.”