दादांची गाडी मी खाली बसवली

आमच्या घरात एकच गाडी आहे आणि तिच्यात बसायला माझ्याशिवाय कुणीही तयार नाही. मीसुद्धा आधी गल्लीत कुणी बघत नाही ना, ते पाहतो आणि मगच बसतो.

तशी ती माझी नव्हेच. दादांची. दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त मास्तर. सगळी नोकरी सायकलवर आणि एसटीत काढली, आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "सिद्धू, गाडी घ्यायची." कशाला? तर केदारखेड्याला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी, आमच्या सखूआत्यासाठी. आत्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टर म्हणायचे ऑपरेशन करा, आत्या म्हणायची मरू दे तिकडं! दादांची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानंच लोकांच्या शेतात खुरपून दादांना शिकवलं. अशा बाईवर जबरदस्ती कोण करणार? शेवटी तिनंच अट घातली. "येते मी दवाखान्यात. पर एसटीनं न्हाई, भाड्याच्या जीपनं न्हाई. माझ्या भावाच्या सोताच्या गाडीत बसून जाईन. समद्या गल्लीनं बघितलं पाह्यजे."

शोरूममध्ये दादांनी मायलेज विचारलं नाही की रंग विचारला नाही. एकेका गाडीचं दार उघडायचे, गुडघ्यावर हात ठेवून "आई गं!" म्हणत आत बसायचे आणि तसंच कण्हत बाहेर यायचे. सेल्समन बिचारा घाबरला.

"सर, त्रास होतोय का? पाणी आणू?"

"मला न्हाई होत," दादा म्हणाले, "माझ्या अक्काला होतो."

जिच्यात सगळ्यात कमी कण्हावं लागलं ती गाडी आम्ही घेतली. पांढरी, साधी, मागच्या काचा हातानं फिरवायच्या. सेल्समन म्हणाला, "हे बेस मॉडेल आहे." दादा खुशीत म्हणाले, "बेस म्हंजी बेसच की! आम्हाला काय करायचंय झगमग?"

(हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं, हे लक्षात ठेवा. मला वेडा म्हणताना उपयोगी पडेल.)

पुढं आमच्या ऑफिसातल्या दीपकनं हीच गाडी घेतली, पण तिचं स्पोर्टवालं मॉडेल! काळं छत, अंगावर लाल पट्टे, मागं पंखासारखा स्पॉयलर आणि डिकीवर लालभडक दोन इंग्रजी अक्षरं, आर आणि एस. माझ्या गाडीशेजारी ती लावून तो म्हणाला, "तुमची पण हीच का? अच्छा... बेस!" आता बेस म्हणाला ते ठीक आहे हो, खरंच होतं. पण आधीचं ते "अच्छा" माझ्या डोक्यात गेलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं.

तेवढ्यात दादा आष्टीला माझ्या बहिणीकडे राहायला गेले. मी गाडी काढली आणि थेट अज्जूभाईच्या दुकानात! अज्जूभाई गाड्या सजवतो. त्यानं गाडीला एक चक्कर मारली आणि डोळे मिटून म्हणाला, "साब, ऐसी बनाके देतूं, कंपनीवाला खुद धोका खाएगा!"

माणसाला एवढं कुणी बोललं की तो भानावर राहतो का? मी काळं छत सांगितलं. लाल पट्टे सांगितले. स्पॉयलर सांगितला. तो म्हणाला, "साब, सीट?" मी म्हटलं, "टाका!" रेसिंगवाल्या सीट आल्या, खोलगट, दोन्ही बाजूंना उंच कडा. तो म्हणाला, "साब, आवाज?" मी म्हटलं, "पाह्यजेच!" सायलेन्सर बदलला. शेवटी हळूच म्हणाला, "साब, स्पोर्ट गाडी जमीन को चिपकके चलती." मी म्हटलं, "मंग चिपकवा की!" त्यानं जुन्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या. डिकीवरची अक्षरं तर मी दीपकच्या दुप्पट आकाराची करून घेतली. एकदा करायचं तर नीट!

मी डरकाळ्या फोडत जालन्यातल्या मस्तगडला, घरी आलो. बायको, सुजाता, बाहेर आली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई! चारी चाकं एकदम पंचर झाली?"

दादा आष्टीहून परत आले. गाडीला वळसा घालून पुढं गेले, थांबले, मागं आले.

"आपली गाडी कुठंय?"

"हीच की, दादा."

दादांनी दार उघडलं, सवयीनं "आई गं" म्हणाले आणि आत बसायला गेले. बसले नाहीत, पडले. सीटच्या खोल भागातून त्यांचे फक्त डोळे आणि गुडघे दिसत होते.

"सिद्ध्या," आतून आवाज आला, "उद्या अक्काला आणायचंय. डॉक्टरनं तारीख देलीय. अक्का बसल का ह्याच्यात?"

"बसतील हो! एकदा बसलं की लई आराम हाय."

"आन् उठल का?"

"ते जालन्यात आल्यावर ना! तवा बघू."

दादा दाराची कड धरून कसेबसे बाहेर आले आणि घरात गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आपल्याकडं स्पीडब्रेकर किती प्रेमानं घालतात, हे गाडी खाली केल्यावरच कळतं! प्रत्येक उंचवट्याला गाडीचं पोट टेकायचं. मग दादांनी उतरायचं, मी गाडी तिरकी करून रांगत न्यायची आणि पलीकडं दादांनी पुन्हा खड्ड्यात पडावं तसं आत पडायचं. शेवटी शेवटी ते बसेनातच. "तू हो पुढं, मी पायीच येतो," म्हणाले. भोकरदन रस्त्यावर सत्तरीचा माणूस पुढं चालतोय आणि मागून स्पोर्ट गाडी गुरगुरत येतीय! एक मोटरसायकलवाला थांबून विचारायला लागला, "मास्तर, ढकलू लागू का?"

केदारखेड्याला आत्या पहाटेपासून दारात खुर्ची टाकून बसली होती. नवं लुगडं, हातात नव्या बांगड्या, शेजारी कपड्यांची पिशवी. सगळी गल्ली जमलेली. दादा पायी पोचले, मी गाडीतून उतरलो, "जयभीम, जयभीम" झालं, आणि आत्या मान उंच करून बायांना म्हणाली, "बघितलं का? माझ्या यशवंताची गाडी."

तेवढ्यात दादांचा जुना विद्यार्थी रामभाऊ गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, गाडी इकायला काढली व्हय?"

"न्हाई बा. कोण म्हनलं?"

"डिकीवर लिवलंय की! आर एस म्हंजी रुपये. निस्ता आकडा टाकायचा राह्यला."

मी धावलो. "अहो, ते रुपये न्हाई! ते स्पोर्टचं हाय!"

"कायचं?"

"गाडी पळायची!"

रामभाऊनं आधी पायी आलेल्या दादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आमाला मास्तरनीच शिकवलंय. आर एस लिवलं की म्होरं किंमत. चुकलं की छडी बसायची. काय ओ मास्तर?"

दादांनी मान खाली घातली. आता स्वतःच शिकवलेलं स्वतः खोटं कसं पाडणार? तोवर मागून एकजण म्हणाला, "बराबर बोला मास्तर, पाहुण्याला पाह्यजेच हाय एक." दुसरा वाकून म्हणाला, "बसलीय पार. जरा कमी करा." गाडीचा सौदा निम्म्यावर आला होता!

आणि आत्याचा आवाज आला. "यशवंता, माझ्या पायापायी गाडी इकू राह्यला तू?"

"न्हाई गं अक्का!"

"मंग रुपये कशाला लिवले? दवाखान्याचा खर्चा हाय म्हनूनच ना! न्हाई येत मी. आसंच खुरडत दिवस काढीन, पर भावाची गाडी इकू देनार न्हाई." आणि तिनं पिशवी उचलून आत फेकली.

दादांनी शपथा घेतल्या. मी आत्याच्या चुलीवरचं उलथनं आणलं आणि गल्लीसमोर डिकी खरवडायला बसलो. आर निघाला, सोबत पांढरा रंगही निघाला. एसनं तर जीव खाल्ला. "आत्या, बघा, पुसलं! कोणीच न्हाई इकत!" मी घामानं निथळत म्हणालो. तेव्हा कुठं आत्या उठली.

उठली आणि गाडीच्या दारापाशी आली. एका बाईनं कंबर धरली, दुसरीनं पाय. आत्यानं वाकायचा प्रयत्न केला. गुडघा वाकेना. पुन्हा केला. दादा खाली बसून तिचा पाय हातानं आत सरकवत होते. सीटच्या कडेला पाय अडकला आणि आत्या अशी ओरडली की हसणारी गल्ली गप्प झाली.

"राहू दे," दादा म्हणाले. "राहू दे, अक्का."

आत्या दाराला धरून उभी राहिली. घामाघूम झालेली. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "गाडी चांगली हाय रं सिद्धू. मलाच बसता येईना."

त्यापेक्षा तिनं त्याच उलथन्यानं मला मारायला पाहिजे होतं. एकेका गाडीत बसून बसून, कण्हून कण्हून दादांनी तिच्यासाठी एक बसायची जागा शोधली होती. ती मी दीपकच्या एका "अच्छा"साठी जमिनीत घातली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शेवटी रामभाऊची मोसंबी नेणारी पिकअप आली. मागं खुर्ची ठेवली, खुर्चीवर आत्या, खुर्ची धरून दादा. नवं लुगडं वाऱ्यावर उडत होतं. मी मागून एकटा, एवढा आवाज करत चाललो होतो की मला रडायलासुद्धा लाज वाटली.

ऑपरेशन चांगलं झालं. मी ताबडतोब अज्जूभाईकडं गेलो. "माझ्या जुन्या स्प्रिंगा द्या!"

"साब, वो तो भंगार में गए. अब तक तो सळई बनके किसीके स्लॅब में पड़ गई होगी!"

सळयांच्या कारखान्यांच्या जालन्यात लोखंड फार दिवस रिकामं बसत नाही. नव्या स्प्रिंगा मागवल्या, त्या अजूनही आलेल्या नाहीत. त्यात डॉक्टरांनी आत्याला बजावलं, "आजी, पाटावर बसायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, खाली कुठंच बसायचं नाही." आत्यानं खिडकीतून माझ्या गाडीकडं बोट दाखवलं. डॉक्टरांनी वाकून बघितलं. "त्याच्यात तर अजिबात नाही!"

घरी सोडायच्या दिवशी दादांनी शेजाऱ्यांची उंच गाडी, चालवायला शेजाऱ्यासकट, मागून आणली, पांढरीच. आत्या पुढं ऐटीत बसली, दादा मागं. मी सामान घेऊन माझ्या गाडीतून पाठोपाठ. केदारखेड्यात गल्ली पुन्हा गोळा झाली. आत्या काठी टेकत, स्वतःच्या पायांनी उतरली. माझे डोळे भरून आले. मी काच खाली केली.

"भावाचीच गाडी ना?" मागच्या खेपेला नसलेल्या एका म्हातारीनं विचारलं.

"मंग!" आत्या म्हणाली. "सोताची हाय."

"आन् ती मागची गं? खाली बसलेली?"

आत्यानं वळून माझ्याकडं सावकाश बघितलं.

"कोन हाय की बाई. जालन्यापासून मागं लागलंय."