नवमीला उचललेला पाना

इतकी वर्षं झाली, तरी खंडेनवमी आली की माझं डोकं सणकतं. गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची.

वर्ध्याकडचं सिंदी रेल्वे हे स्टेशनाचं गाव, त्याच्या अलीकडे आमचं खेडं. गावात मोटार एकच, बाबांची. कापसाच्या व्यापारात बरं चाललं तेव्हा त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती, आणि मिस्त्रीला तिला हात लावू देत नसत. घरात मुलगा नव्हता, म्हणून पाना दे, जॅक फिरव ही कामं माझ्याकडे. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मागचे ब्रेक करकरायला लागले. अष्टमीला आम्ही दोघांनी डाव्या चाकाच्या ब्रेकचे झिजलेले लायनर बदलले. उजवं चाक काढलं, ड्रम उतरवला, जुने लायनर सोडवले, तेवढ्यात अंधार पडला. बाकीचं दसऱ्यानंतर पाहू, असं म्हणून बाबा हात धुवायला गेले. गाडी विटांवर तशीच राहिली.

नवमीच्या सकाळी त्यांनी सारी हत्यारं घासूनपुसून देवघरात पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. आता दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज. मी नेमकी त्याच दिवशी बाजूला बसले होते. पाळी आली की अंगणाकडच्या पडवीत वेगळं ताट, वेगळं पांघरूण, आणि कशालाच शिवायचं नाही.

दुपारी ताईला कळा सुरू झाल्या. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आलेली. सुईणीनं पाहिलं आणि आईला सांगितलं, मूल आडवं आहे, हे माझ्या हातचं काम नाही, वर्ध्याच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीनं स्टेशन गाठायचं, मग आगगाडीची वाट पाहायची, तोवर ताई राहते का! चाक बसवा, गाडी काढा म्हणून आई बाबांच्या पाया पडली. बाबा देवघराच्या उंबऱ्यात बसून होते.

"पूजेतलं हत्यार उचलत नाई," ते म्हणाले. "देवी हाये ना पाह्याले."

आत ताई गुरासारखी ओरडत होती, आणि हा माणूस देवीवर सोपवून मोकळा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, त्यांच्या अंगावरून सरळ देवघरात शिरले आणि पाने, पकड, सारं परकराच्या ओच्यात भरलं. आई "अवं" म्हणाली. बाबांनी तोंड फिरवलं. अडवलं मात्र नाही, हे ध्यानात ठेवा.

नवे लायनर बसवताना स्प्रिंग दोनदा निसटली, दुसऱ्यांदा बोटाचं कातडं घेऊन गेली. लायनरवर रक्त सांडलं तर ब्रेक धरायचा नाही, म्हणून हात परकराला पुसत होते आणि शिव्या घालत होते. बाबांना, देवीला, त्या पाटालासुद्धा. ड्रम चढवला, चाक आवळलं, गाडी विटांवरून उतरवली. मग आत बसून पायाखाली घट्ट लागेपर्यंत ब्रेक दाबत राहिले. तयार आहे म्हटल्यावर बाबा उठले. ताईला मागच्या सीटवर निजवून ते आणि आई वर्ध्याला गेले, आणि मी पुन्हा पडवीत जाऊन बसले.

दसऱ्याच्या सकाळी बाबा पूजेसाठी एकटेच परतले. पोट चिरून मूल काढावं लागलं होतं. ताई वाचली, मुलगा झाला. आणखी उशीर झाला असता तर दोघंही गेली असती, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. सुईणीला हे सांगताना बाबांचे डोळे भरून आले. देवीनंच तारलं, म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग त्यांनी काय करावं? गोमूत्र आणलं आणि मी शिवलेला एकेक पाना धुऊन काढला. पुन्हा पाट मांडला, पुन्हा पूजा केली. गाडीला झेंडूचा हार घातला, चारही चाकांना कुंकू लावलं आणि नातवाकडे जायला निघाले. मला राहवलं नाही.

"ब्रेकबी माह्याच हातचे हायेत, बाबा," मी पडवीतून म्हटलं. "ते काऊन नाई धुतले?"

बाबांनी गाडी सुरू केली. गाडी फाटकापर्यंत गेली. त्यांनी ब्रेक दाबला आणि ती जागच्या जागी थांबली. फाटक नेहमी मीच उघडायची. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"फाटक उघड."

"मी कशी शिवू?" म्हटलं, आणि बसून राहिले.